जिल्ह्यांची जुनी नावं बदलायची असतील तर एन-एट-एन कितपत कामाचं?

२०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. पाट्या बदलल्या. ग्राहकांच्या यादीत, ऑर्डरच्या जेसन डेटा-फाइलमध्ये, कुरिअरच्या शीटमध्ये मात्र जुनी आणि नवी नावं अजून शेजारी शेजारी आहेत. मग जिल्हावार बेरीज काढली की एकच जिल्हा दोन ओळींत येतो. अशा कामाला एन-एट-एन हे वर्कफ्लो टूल, म्हणजे पायऱ्या एकमेकींना जोडून काम आपोआप करवून घेणारं टूल, चांगलं आहे. पण ते जसं उघडतं तसंच वापरलं तर डेटा गुपचूप बिघडतो, आणि वर्कफ्लो हिरवागार दिसत राहतो.

सगळ्यात आधी एडिट फील्ड्स हा नोड, म्हणजे वर्कफ्लोतली एक पायरी. फक्त 'जिल्हा' हे फील्ड बदलायचं म्हणून तो जोडला आणि चालवला, तर बाहेर फक्त 'जिल्हा' येतो. नाव, फोन, रक्कम सगळं गायब. बाकीची इनपुट फील्ड्सही ठेवा असं सांगणारं बटण त्याच नोडमध्ये खाली आहे, ते मुद्दाम चालू करावं लागतं. मूल्य बदलण्यासाठी येणाऱ्या माणसाला हवं असतं नेमकं उलट, त्यामुळे हा डिफॉल्ट चुकीचाच वाटतो.

दुसरा मोह म्हणजे अख्ख्या मजकुरावर शोधा-आणि-बदला चालवणं. हे करू नका. पत्त्याच्या ओळीत 'औरंगाबाद रोड' असतं, ईमेलमध्ये जुनं नाव रोमनमध्ये असतं, जुन्या बिलावरचं नाव तर तसंच राहायला हवं. शिवाय लोकांनी नुसतं 'संभाजीनगर' असंही लिहिलेलं असतं. त्याच्या जागी पूर्ण नाव घालणारा नियम दुसऱ्यांदा चालला की 'छत्रपती छत्रपती संभाजीनगर' तयार होतं. रोज रात्री चालणाऱ्या वर्कफ्लोत हे आठवडाभरात किती लांबेल ते बघा. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकूर शोधायच्या नमुन्यात, शब्दाची हद्द दाखवून हे टाळू म्हणावं, तर जावास्क्रिप्टची ती खूण रोमन अक्षरांपुरतीच चालते, देवनागरीला ती ओळखत नाही. म्हणून तुकडा बदलायचा नाही, फील्डचं पूर्ण मूल्य जुळलं तरच बदलायचं.

त्यासाठी वेगळ्या शीटमध्ये बदलांचा तक्ता ठेवा. त्यात 'किल्ली' आणि 'नवं नाव' हे दोन कॉलम पुरतात. किल्लीत नुसतं जुनं नाव चालत नाही, कारण औरंगाबाद जिल्हा बिहारमध्येही आहे. नावाला पिनकोडचा पहिला अंक जोडा: आपल्याकडे ४, बिहारमध्ये ८. पहिले तीन अंक घ्यायचा विचार असेल तर नगर जिल्हा आडवा येतो. नगर शहर ४१४ मध्ये, संगमनेर ४२२ मध्ये, कोपरगाव ४२३ मध्ये. एकच अंक घेतला की हा गुंता उरत नाही. शीटमधून पिनकोड बहुधा संख्या म्हणून येतो आणि संख्येचा पहिला अंक थेट कापता येत नाही, तेव्हा आधी त्याची स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, करून घ्या. नावाच्या मागेपुढे सुटलेली जागा ट्रिमने जाते. कॉपी-पेस्टमधून आलेला न दिसणारा जोडचिन्हाचा कॅरेक्टर मात्र ट्रिमला दाद देत नाही, तो वेगळा काढावा लागतो. अहमदनगरची रोमनमध्ये Ahmednagar आणि Ahmadnagar अशी दोन्ही स्पेलिंग आढळतात, तेव्हा तक्त्यात दोन्ही ओळी घाला. डेटाच्या प्रत्येक ओळीतही अशीच 'किल्ली' तयार करून घ्या.

आता डेटा (पहिलं इनपुट) आणि तक्ता (दुसरं) मर्ज या जोडणाऱ्या नोडमध्ये आणायचे, कम्बाइन मोडमध्ये, 'किल्ली' या फील्डवर जुळवून. इथे तीन गोष्टी तपासा. आउटपुट फक्त जुळलेल्यांचं ठेवलं तर पुणे, नाशिक, सोलापूरच्या सगळ्या ओळी गळतात. पहिलं इनपुट समृद्ध करणारा पर्याय निवडा. तक्त्यात तीच किल्ली चुकून दोनदा असली तर त्या ग्राहकाच्या दोन ओळी होतात. पहिली जुळणीच घ्या असं सांगता येतं. आणि तक्त्यातल्या कॉलमला 'जिल्हा' हेच नाव देऊ नका, नाहीतर एक मूल्य दुसऱ्यावर चढतं. 'नवं नाव' वेगळं येऊ द्या आणि पुढच्या एडिट फील्ड्समध्ये ते असेल तर ते, नसेल तर मूळ, असं लिहा.

हीच टूलची खरी ताकद. प्रत्येक नोडवर क्लिक केलं की डावीकडे आत आलेला डेटा, उजवीकडे बाहेर पडलेला. नमुन्याच्या वीसेक ओळी पिन करून, म्हणजे नोडवर पक्क्या धरून, ठेवल्या की तोच डेटा घेऊन पुन्हापुन्हा चाचणी करता येते, मूळ शीटला हात न लावता. नमुन्यात बिहारची एक ओळ, रिकाम्या जिल्ह्याची एक आणि आधीच बदललेली एक असायलाच हवी.

एका ऑर्डरमध्ये पत्त्यांची यादी असली की मामला अवघड होतो. स्प्लिट आउटने पत्ते सुटे करून बदलले आणि ॲग्रिगेटने परत जोडले, तर सगळ्या ऑर्डरींचे पत्ते एकाच ढिगात जमतात, कारण ॲग्रिगेट ऑर्डर क्रमांकाप्रमाणे गट पाडत नाही. अशा वेळी कोड नोड घ्या आणि यादीतला प्रत्येक पत्ता जागच्या जागी बदला. दहा-बारा ओळींचं जावास्क्रिप्ट पुरतं. दुसऱ्या नोडमधून मूल्य आणताना 'पहिला आयटम' असा संदर्भ दिला, तर सगळ्या ओळींना पहिल्याच ग्राहकाचा जिल्हा चिकटतो. एरर येत नाही, म्हणून ही चूक फार उशिरा लक्षात येते.

मोठ्या फाइलींत हे टूल कमी पडतं. सगळे आयटम मेमरीत धरले जातात, लहान सर्व्हरवर प्रोसेस मरते. नुसता लूप लावून मेमरी सुटत नाही; डेटाचे तुकडे सब-वर्कफ्लोकडे, म्हणजे वेगळ्या छोट्या वर्कफ्लोकडे, पाठवायचे आणि परत फक्त छोटा निकाल घ्यायचा. लाखो ओळी एकदाच बदलायच्या असतील तर सरळ डेटाबेसमध्ये अपडेट चालवणं बरं.

खर्चाचं गणित या कामाला सोयीचं आहे. एन-एट-एनच्या क्लाउडवर पैशांसाठी मोजणी वर्कफ्लो किती वेळा चालला याची होते, आत किती नोड आहेत याची नाही. त्यामुळे तपासणीचे दोन-चार नोड जास्त घालायला हात आखडावा लागत नाही. मेक या दुसऱ्या टूलमध्ये तेच नोड मोजले जातात. झेपियर या तिसऱ्या टूलच्या फॉरमॅटरमधला लुकअप टेबल पाच-सात नावांना झटपट होतो, पण जोड्या हाताने भरायच्या, आणि तक्ता बदलला की झॅप (तिथला वर्कफ्लो) उघडायचा. एन-एट-एन स्वतःच्या मशीनवर डॉकरमध्येही (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) चालतं, ५६७८ पोर्टवर. ग्राहकांचे फोन आणि पत्ते बाहेर जाऊ द्यायचे नसतील त्यांनी तेच करावं.

शीटमध्ये परत लिहिताना ओळ ग्राहक क्रमांकावर जुळवा, नावावर नाही. आणि मूळ नाव 'जुना जिल्हा' अशा कॉलममध्ये राहू द्या, ते काढून टाकू नका.