सहावी ते आठवीच्या पोरांसाठी अशोक चौकामागचा इंग्रजीचा क्लास, वर्षभराचा अनुभव

माझा मुलगा सातवीत आहे, सेमी इंग्लिशला. गेल्या जूनपासून सोलापुरात अशोक चौकाच्या मागच्या गल्लीतल्या ह्या क्लासला जातोय, वर्ष होत आलं म्हणून लिहितेय, कारण मी क्लास शोधत होते तेव्हा मला कुणीच नीट सांगितलं नव्हतं. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पण सांगते.

आधी तो दुसऱ्या एका क्लासला जायचा, नाव घेत नाही. तिथं निबंध पाठ करून घ्यायचे. सणावरचा निबंध पोरगा घडाघडा म्हणायचा, पण आपल्या सिद्धेश्वरच्या गड्ड्याच्या जत्रेत काय काय बघितलंस ते इंग्रजीत दोन वाक्यात सांग म्हटलं की एकदम गप्प. टेस्टला २० पैकी १६ पडायचे आणि आम्ही पण खूश होतो, त्याला काय येत नाही ते त्या १६ मार्कांखाली झाकून गेलं होतं.

इथं पहिल्याच आठवड्यात मला धक्का बसला कारण मॅडम मराठीत बोलत होत्या. घरी तेलुगू बोलणारी पोरं पण बरीच येतात, त्यांच्याशी तेलुगूत. मी मनात म्हटलं इंग्रजीच्या क्लासला हे काय. मग एकदा पाऊस होता म्हणून न्यायला लवकर गेले आणि दारात उभी राहून ऐकलं. फळ्यावर लिहिलं होतं, एका गल्लीत एक मांजर होतं, ते मांजर लंगडत होतं. मॅडम विचारत होत्या की दुसऱ्या वेळी परत "एक मांजर" का नाही म्हणालो? पोरं म्हणाली, ओळख झाली ना मॅडम आता. झालं, पहिलं मांजर "अ कॅट" आणि ओळख झाल्यावर "द कॅट". मला शाळेत ए, अ‍ॅन, द चे नियम पाठ करायला लावले होते ते आजपर्यंत डोक्यात बसले नव्हते आणि इथं पाच मिनिटात काम झालं. "अ‍ॅन आवर" पण "अ युनिव्हर्सिटी" असं का, तर स्पेलिंग बघायचं नाही, तोंडातून पहिला आवाज कुठला निघतो ते ऐकायचं. असंच वाक्यरचनेचं, तीन पोरं उभी करतात, एकाच्या हातात "मी" हा शब्द, एकाच्या "चहा", एकाच्या "पिते", आणि इंग्रजीत जायचं म्हटलं की चहा आणि पिते यांनी जागा बदलायची. आपण टेबलावर म्हणतो, "वर" मागनं येतो, त्यांच्यात "ऑन" आधी येतो. पोरं चुकतात ती मराठीतून किंवा तेलुगूतून विचार करतात म्हणून चुकतात, तर ती चूक कुठून आली तेच आधी दाखवायचं, असं मॅडमचं म्हणणं आहे आणि मला ते शंभर टक्के पटलं.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. घरातली एक जुनी वस्तू आणा आणि तिच्यावर सहा वाक्यं लिहा असं सांगितलं होतं. माझ्या सासऱ्यांचे माग होते, चादरीचे, ते विकून बारा वर्षं झाली, पण एक लाकडी धोटा त्यांनी ठेवलाय, दोन्ही टोकाला लोखंड, मध्ये सुताची कांडी बसवायची खाच, हातात घेतला की अजून तेलाचा वास येतो. पोरगा तोच घेऊन गेला. मॅडमनी तो टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या ह्याला इंग्रजीत शटल म्हणतात, हा मागात इकडून तिकडं, तिकडून इकडं जातो म्हणून तशाच फेऱ्या मारणाऱ्या गाडीला पण शटल म्हणायला लागले. पोराला आपल्या आजोबांची वस्तू इंग्रजी भाषेच्या आत सापडली. त्याचं सहावं वाक्य होतं, माय ग्रँडफादर्स शटल इज नॉट मूव्हिंग. मॅडमनी लाल पेन लावला नाही. नुसतं विचारलं, "इज नॉट मूव्हिंग" म्हणजे आत्ता थांबलाय, लाईट गेली असेल, परत सुरू होईल, आणि "डझ नॉट मूव्ह" म्हणजे चालतच नाही, तर तुझ्या आजोबांचा कुठला? हा म्हणाला विचारून सांगतो. रात्री जेवताना विचारलं, सासरे म्हणाले, आता कुठला चालतोय बाळा. दुसऱ्या दिवशी ह्यानं वाक्य बदललं आणि शेवटी "एनी मोअर" लावलं, तो शब्द मॅडमकडून मागून घेतला. काळ म्हणजे टेन्सेस माझ्या मुलाला त्या दिवशी कळले.

कविता पण अशीच घेतात. वर्ड्सवर्थची डॅफोडिल्सची कविता घ्यायच्या आधी विचारलं की एका रंगानं भरलेलं रान कुणी बघितलंय का, एक मुलगी मंगळवेढ्याकडची, ती म्हणाली करडई फुललेली बघितलीय, दुसऱ्यानं सूर्यफूल सांगितलं. मग कविता मोठ्यानं वाचली, दोनदा, अर्थ न सांगता. नंतर सांगितलं की १५ एप्रिल १८०२ ला कवी आणि त्याची बहीण डोरोथी तळ्याकाठी चालत होते तेव्हा ती फुलं दिसली, बहिणीनं डायरीत लिहून ठेवलंय, आणि कविता छापून आली १८०७ मध्ये. मग पोरं भांडायला लागली की बहीण सोबत होती तर मी एकटा फिरत होतो असं का लिहिलं, खोटं बोलला का? माझा मुलगा घरी येऊन माझ्याशी पण भांडला, त्याचं म्हणणं माणूस सोबत असून पण एकटा असू शकतो. सातवीतलं पोरगं हे बोलतंय, मला अजून काय पाहिजे.

मॉन्गूज हा शब्द आपल्या मुंगूसवरून इंग्रजीत गेला हे पण तिथंच कळलं, आठवडाभर घरात तेच चालू होतं.

आता अर्धा स्टार. वर पत्रा आहे आणि मार्च-एप्रिलचं सोलापूरचं ऊन सगळ्यांना माहितीय, संध्याकाळी सहाला पण आत भट्टी असते, दोन पंखे बावीस पोरांना पुरत नाहीत. दुसरं, पोरं इंग्रजी ऐकतात ते फक्त मॅडमच्या आवाजात, एखादा साधा स्पीकर आणून वेगवेगळ्या माणसांचे आवाज ऐकवायला पाहिजेत, मी बोललेय त्यांना, बघू म्हणाल्या. आणि मार्कांची घाई असेल तर आधीच सांगते, पहिल्या टेस्टला ह्याला २० पैकी ११ पडले, आमच्या घरात त्यावरून दोन दिवस बोलणं बंद होतं. दिवाळीनंतर हळूहळू वर आले. पण ते ११ त्याचे स्वतःचे होते, त्यातलं एक वाक्य पाठ केलेलं नव्हतं.

फी महिना ७००, सोमवार ते शुक्रवार सहा ते साडेसात. गाईड घ्यायला लावत नाहीत, बालभारतीचंच पुस्तक चालतं. गाडी लावायला जागा नाही, चौकातच लावून चालत या. चौकशीला जायचं तर पाचच्या आधी जा, नंतर मॅडम पोरांच्यात सतरंजीवर बसलेल्या असतात, फोन उचलत नाहीत.