डिजिलॉकर: प्रवासाआधी अर्धा तास द्या

कागदपत्रं फोनवर ठेवायचं सरकारचं हे अ‍ॅप फुकट आहे, १ जीबी जागा देतं आणि देशातल्या प्रवासाला उत्तम. पण त्यातले दोन कप्पे एकसारखे नाहीत, आणि घोळ नेमका तिथेच होतो. ‘इश्यूड’मध्ये आधार, लायसन्स थेट सरकारी खात्याकडून येतात, ते मूळ कागदाइतकेच ग्राह्य. ‘अपलोडेड’मधला स्वतः काढलेला फोटो टीसी ओळखपत्र म्हणून मानत नाही. लायसन्स येत नसेल तर आधारवरचं आणि लायसन्सवरचं नाव ताडून पाहा. बहुतेकदा वडिलांच्या नावाची गडबड असते.

सहा आकडी पिन आधीच ठरवा, जन्मसाल सोडून. घाटात रेंज गेली की अ‍ॅप फिरत बसतं, म्हणून पीडीएफ फोनमध्ये उतरवून ठेवा, आणि फोनला लॉक हवाच.

परदेशी जाताना मात्र हे अ‍ॅप दुय्यम. तिथे मूळ पासपोर्टच लागतो. अपलोड केलेली प्रत तो हरवल्यावर दूतावासात नंबर सांगायला उपयोगी. ओटीपी भारतातल्या सिमवर येतो, तेव्हा रोमिंग निघण्याआधी सुरू करा. हे विसरलात तर लॉकर भरलेला, किल्ली घरी!