गॅस हीटिंगची दुरुस्ती शिकायची: वर्गात, उस्तादाकडे, कंपनीत की व्हिडिओवर?

घर गरम करणारी गॅसची फर्नेस चालू होते, बर्नर पेटतो, चार सेकंद छान निळी ज्योत दिसते आणि खट्कन सगळं बंद. थोड्या वेळाने पुन्हा तेच. काही खेपा झाल्या की कंट्रोल बोर्ड हात टेकतो आणि त्यावरचा दिवा लुकलुकत बसतो. गॅस हीटिंगच्या कामात हा बिघाड इतका नेहमीचा आहे की शिकण्याचे चार मार्ग तोलायला मी तोच काट्यावर ठेवतो. वर्गात शिकलेला, उस्तादाच्या हाताखाली तयार झालेला, उत्पादक कंपनीचं प्रशिक्षण घेतलेला आणि व्हिडिओ बघून शिकलेला, असे चौघे या एकाच मशीनसमोर उभे केले की फरक लगेच दिसतो.

त्याआधी मशीन काय करतं ते थोडक्यात. थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की आधी धूर बाहेर खेचणारा इंड्यूसरचा पंखा फिरतो. त्याने पुरेशी ओढ तयार झाली की ती ओढ ओळखणारा प्रेशर स्विच जुळतो. मग इग्नायटर तापून लाल होतो, गॅस व्हॉल्व्ह उघडतो, बर्नर पेटतो, ज्योत लागल्याची खूण बोर्डाला मिळते आणि अर्ध्या-पाऊण मिनिटाने ब्लोअर गरम हवा घरात ढकलू लागतो. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीची वाट बघते. बिघाड शोधायचा म्हणजे ही साखळी कुठे तुटली ते शोधायचं, आणि माझ्या मते शिकण्याचा मार्ग निवडताना बघायचं ते एवढंच की तो तुम्हाला साखळी वाचायला शिकवतो की नुसते सुटे भाग बदलायला.

एकाच मशीनसमोर चौघे

व्हिडिओवाला लगेच म्हणेल, फ्लेम सेन्सर, म्हणजे ज्योत ओळखणारी सळई, घाण झालाय. एक स्क्रू काढेल, सळई बारीक स्टील वूलने घासेल, परत बसवेल. फर्नेस चालू! आणि बहुतेक वेळा त्याचं बरोबरच असतं. पंचाईत होते ती त्याचं चुकतं तेव्हा. पंधरा दिवसांनी तोच बिघाड परत आला की तो पुन्हा सळई घासतो, मग नवा सेन्सर टाकतो, मग नवा बोर्ड.

वर्गातल्या विद्यार्थ्याला सळई का घासायची हे माहीत असतं. बोर्ड त्या सळईला एसी व्होल्टेज देतो. ज्योतीतून वीज वाहते, पण सळई बारीक आणि अर्थला जोडलेला बर्नर मोठा, म्हणून एका दिशेने जास्त वाहते आणि उलट दिशेने कमी. त्यातून काही मायक्रोअँपिअरचा डीसी प्रवाह हाती लागतो आणि तो दिसला तरच बोर्ड गॅस चालू ठेवतो. सळईवर पुट चढलं की हा प्रवाह घसरतो. पण बर्नरचं अर्थिंग सैल असलं, सळईभोवतीच्या चिनी मातीला तडा गेला, गॅसचा दाब कमी पडून ज्योत नीट सळईवर येत नसली, तरीही तो घसरतो. काही बोर्डांना तर मुख्य पुरवठ्यातले फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले तरी ज्योत ओळखता येत नाही. म्हणून हा मुलगा मल्टीमीटर सिरीजमध्ये जोडून प्रवाह मोजतो, घासण्याआधी आणि घासल्यानंतरही. आकडा वर आला नाही तर दोष दुसरीकडे, हे त्याला त्याच दिवशी कळतं. फक्त पॅनेल उघडायलाच त्याला वीस मिनिटं लागतात आणि घरमालक शेजारी उभा राहिला की हात थरथरतात.

कंपनीत शिकलेला माणूस बोर्डावरच्या दिव्याच्या लुकलुकी मोजतो, त्या मॉडेलच्या अर्थिंगच्या वायरीत कुठे दोष निघतो ते त्याला पाठ असतं, आणि दहा मिनिटांत तो मोकळा होतो. शेजारच्या घरात दुसऱ्या कंपनीचं मशीन असेल तर मात्र त्याला चाचपडावं लागतं.

उस्तादाकडे तयार झालेला आधी काहीच उघडत नाही, नुसता ऐकतो. पेटताना ‘भप्’ आवाज आला का, ज्योत पिवळी पडतेय का, बर्नरवर गंज आहे का, मशीनच्या पायाशी पाण्याचा डाग आहे का, हे तो एका नजरेत टिपतो. ही नजर वर्गात मिळत नाही. पण मायक्रोअँपिअर मोजून बघ म्हटलं तर त्यातले बरेचजण खांदे उडवतात.

उस्ताद मिळणं आणि चांगला उस्ताद मिळणं

उमेदवारीचा मार्ग मला सगळ्यात प्रिय आहे, म्हणून त्याचीच खोट आधी सांगतो. उस्तादाची कसबं जशी अंगात मुरतात, तशाच त्याच्या वाईट खोडीही. माझ्या पहिल्या उस्तादाच्या खिशात दोन्ही टोकांना चिमटे असलेली एक वायर कायम असायची. प्रेशर स्विच जुळत नसला की तो ती वायर स्विचवर टाकायचा आणि मशीन चालू करून दाखवायचा. तपासणीपुरतं, नजरेसमोर, काही सेकंद असं करणं वेगळं. एकदा तो वायर तशीच ठेवून निघाला. ‘स्विच मागवतो, तोवर घर तरी गरम राहील,’ म्हणाला. मी बाहेर धुराड्याचं तोंड बघायला गेलो तर आत पक्ष्याचं घरटं.

प्रेशर स्विच हा निरोप्या आहे. धूर बाहेर जायला वाट नाही, कंडेन्सेटचा, म्हणजे धुरातून निथळणाऱ्या पाण्याचा, सापळा तुंबलाय, रबरी नळीला चीर गेलीय किंवा इंड्यूसर दमलाय, यातलं काहीही झालं की तो जुळत नाही. त्याला गप्प केलं तर ज्वलनाचे वायू घरात शिरू शकतात. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. मॅनोमीटर, म्हणजे दाब मोजायचं यंत्र, लावून नळीतली ओढ मोजली आणि स्विचवर छापलेल्या आकड्याशी ताडून बघितली असती तर स्विच निर्दोष आहे हे तिथेच कळलं असतं. मॅनोमीटर गाडीत होता. तो वापरायची सवय नव्हती. मी पुढे संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं ते या प्रसंगानंतर.

तेव्हा उस्ताद निवडताना तो किती वर्षं या धंद्यात आहे एवढंच विचारू नका. काम संपल्यावर तो ज्वलनाच्या वायूंची मोजणी करून आकडे लिहून ठेवतो का, हे बघा. गॅसचा जोड उघडल्यावर गळती कशी तपासतो, हेही बघा. काडी ओढून बघणारा असेल तर तिथून निघा.

आणखी एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही, ती म्हणजे हंगाम. उमेदवारी उन्हाळ्यात सुरू केली तर सहा महिने बसवणूक, साफसफाई आणि सामान वाहणं एवढंच वाट्याला येतं. बिघाड बघायला मिळतात थंडीच्या पहिल्या लाटेत, आणि तेव्हा उस्तादाला समजावून सांगायला उसंत नसते. म्हणून पहिल्या थंडीत हाती फार लागलं नाही तर नाउमेद होऊ नका. दुसऱ्या थंडीत गोष्टी जागेवर बसायला लागतात.

वर्गात काय बघून पैसे भरावेत

वर्गाचं मोठं बळ म्हणजे तिथे चुकायची मुभा असते. गॅसचा दाब मुद्दाम कमी-जास्त करून ज्योत कशी बदलते हे प्रयोगशाळेत बघता येतं, गिऱ्हाइकाच्या घरी नाही. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्याने वर जातो आणि प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड असल्याने खाली, खड्ड्यात, तळघरात साचतो. हे वाक्य कुणीही पाठ करेल. पण त्यामुळे गळती शोधताना यंत्र कुठे धरायचं हे हाताला कळावं लागतं.

कमजोरी अशी की प्रयोगशाळेतलं मशीन स्वच्छ असतं आणि बिघाड शिक्षकाने एक वायर काढून केलेला असतो. खरा बिघाड लपंडाव खेळतो. तुम्ही पोचलात की मशीन शहाण्यासारखं चालतं आणि तुम्ही निघालात की बंद पडतं.

नाव घालण्याआधी प्रयोगशाळा डोळ्यांनी बघून या. भिंतीला नुसते जुने पायलट ज्योतीचे (सतत तेवत राहणाऱ्या छोट्या ज्योतीचे) हीटर टांगलेले असतील तर थर्मोकपल तेवढं छान कळेल. ते ज्योतीत तापून सुमारे 25 ते 30 मिलिव्होल्ट देतं आणि तेवढ्यावर व्हॉल्व्ह उघडा राहतो. जुन्या घरांत ते अजून लागतंच. पण कंडेन्सिंग मशीन नसेल तर अर्धा धंदा तुमच्या नजरेआड राहिला. पाणी तापवून घर गरम करणाऱ्या कंडेन्सिंग बॉयलरमध्ये खोल्यांतून फिरून आलेलं परतीचं पाणी साधारण 55 अंश सेल्सिअसच्या खाली असलं तरच धुरातली वाफ द्रवते आणि तिची उष्णता कामी येते. वाफेचं झालेलं ते पाणी आम्लधर्मी असतं, त्याला स्वतंत्र निचरा लागतो, आणि थंडीत बंद पडणारे कितीतरी बॉयलर त्या निचऱ्याच्या पाइपात बर्फ झाल्याने बंद पडतात. ज्वलन विश्लेषक, म्हणजे धुरातले वायू मोजणारं यंत्र, किती विद्यार्थ्यांमागे एक आहे, हेही विचारा. वीस जणांत एक असेल तर तुम्ही तो बघाल, वापरणार नाही.

व्हिडिओची गोम

चांगले व्हिडिओ खरंच चांगले असतात. तीच पायरी दहा वेळा बघता येते, आणि दहाव्यांदा विचारलं म्हणून कुणी खेकसत नाही. पण बघणारा आणि दाखवणारा वेगवेगळ्या देशांत असले की घात होतो. अमेरिकी फर्नेसचं थर्मोस्टॅट सर्किट 24 व्होल्टचं असतं, त्यामुळे तिथला कारागीर दोन वायरी हाताने बिनधास्त जुळवून दाखवतो. ब्रिटनमधल्या अनेक बॉयलरच्या नियंत्रणात तिथेच 230 व्होल्ट असतात. दाबाचंही तसंच. अमेरिकेत नैसर्गिक वायूवरच्या फर्नेसचा मॅनिफोल्ड दाब (बर्नरकडे जाणाऱ्या गॅसचा दाब) साधारण 3.5 इंच पाणी, म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याइतका, आणि प्रोपेनचा 10 इंचांच्या आसपास, तर युरोपात सगळं मिलिबारमध्ये. एक इंच म्हणजे जवळपास 2.5 मिलिबार. ही गल्लत वहीत झाली तर हसण्यावारी जाते, गॅस व्हॉल्व्हच्या स्क्रूवर झाली तर जात नाही.

फुकटात शिकायचंच असेल तर व्हिडिओच्या आधी मशीनसोबत येणारी बसवणुकीची पुस्तिका वाचा. क्रम, वायरिंगचा नकाशा, दाबाचे आकडे, लुकलुकीचे अर्थ, बहुतेक सगळं तिच्यात असतं. मी बघितलेल्या बऱ्याच पुस्तिका घडीसुद्धा न मोडता मशीनच्या डोक्यावर पडून होत्या.

परवान्याचा प्रश्न

इथे मार्गाची आवड बाजूला ठेवावी लागते. ब्रिटनमध्ये गॅसच्या उपकरणावर व्यवसाय म्हणून हात लावायचा तर गॅस सेफ रजिस्टर या अधिकृत नोंदणीत नाव हवं. 1 एप्रिल 2009 पासून कॉर्गी या आधीच्या नोंदणीची जागा त्याने घेतली. क्षमतेची परीक्षा दर पाच वर्षांनी पुन्हा द्यावी लागते, आणि नवख्याला नुसत्या वर्गावर भागत नाही, प्रत्यक्ष केलेल्या कामाची नोंद दाखवावी लागते. कॅनडात ऑन्टारिओमध्ये गॅस परवान्याच्या तीन पायऱ्या: जी-3 वाला देखरेखीखाली काम करतो, जी-2 वाला ताशी 4,00,000 बीटीयू (उष्णतेचं एकक) पर्यंतच्या उपकरणांवर स्वतंत्रपणे, आणि जी-1 ला ती मर्यादा नाही. अमेरिकेत राज्यागणिक नियम वेगळे, आणि नेट (NATE) या तंत्रज्ञांच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र ऐच्छिक. म्हणजे काही ठिकाणी वर्ग की उमेदवारी हा प्रश्नच उरत नाही, दोन्ही लागतात. फक्त आधी काय, एवढंच ठरवायचं.

मग कुणी काय निवडावं

फक्त स्वतःच्या घरचं मशीन समजून घ्यायचं असेल तर व्हिडिओ आणि पुस्तिका पुरेत. फिल्टर, थर्मोस्टॅटची बॅटरी, बॉयलरच्या दाबाचा काटा (थंड असताना साधारण 1 ते 1.5 बार), बाहेरच्या पाइपाचं तोंड, आणि रीसेट एकदाच. बर्नरचं झाकण आलं की थांबायचं. सेन्सरची सळई घासणं सोपं दिसतं, पण ती कुठे बसलीय ते आधी बघा.

आधीपासून इलेक्ट्रिशियन किंवा एसीचे मेकॅनिक असाल तर मीटर तुमच्या हातात बसलेला आहे आणि साखळी वाचायचीही सवय आहे. तुम्हाला कमी पडतं ते ज्वलन आणि धुराचा प्रवास. मूलभूत वर्ग सोडा, ज्वलन-विश्लेषणाचा आणि गॅस सुरक्षेचा छोटा वर्ग करा, आणि एक थंडी कुणाच्या तरी सोबत फिरा. सगळ्यात लवकर कमवायला लागाल ते तुम्हीच.

कोरी पाटी असेल आणि घर चालवायचं असेल तर आधी उमेदवारी, सोबत संध्याकाळचा वर्ग. दिवसा जे बघितलं त्याचं ‘का’ संध्याकाळी कळतं, आणि संध्याकाळी शिकलेलं दुसऱ्या दिवशी उस्तादावर हळूच पडताळून बघता येतं. हळूच हा शब्द महत्त्वाचा. वर्ष-दोन वर्षं पूर्णवेळ शिकायची सोय असेल तर आधी वर्ग करा, पण तो संपण्याची वेळ थंडीच्या तोंडावर येईल असं बघा, कारण तेव्हा हाताखाली माणूस घ्यायला सगळे तयार असतात.

कंपनीचं प्रशिक्षण शेवटी ठेवा. ते बहुधा दोन-चार दिवसांचं असतं आणि पाया आहे असं धरूनच सुरू होतं. तुमच्या भागात कुठली मशीनं जास्त बसलीत हे वर्षभर फिरल्यावर कळेल, मग त्याच कंपनीकडे जा. जाताना आपल्याला न सुटलेल्या तीन बिघाडांची टिपणं सोबत न्या. शिकवणारा माणूस बहुतेकदा जुना कारागीर असतो, आणि त्याची खरी शिकवणी चहाच्या सुट्टीत चालते.