कंबरदुखी, सायटिका: फिजिओथेरपी की कटिबस्ती?

सिंहगड रस्त्यावरून रोज दुचाकीने हिंजवडीला जाणारा माझा मावसभाऊ या दोन सल्ल्यांत अडकलाय. कमरेतून निघालेली कळ मांडीमागून पोटरीपर्यंत उतरते, थांबते, पुन्हा येते; हीच सायटिका.

लवकर बरं कशाने वाटतं? कटिबस्तीने. कमरेवर उडदाच्या पिठाचं कडं करून त्यात कोमट औषधी तेल अर्धा-पाऊण तास धरतात. शेकाने आखडलेले स्नायू सैलावतात. पण मणक्यांमधली सरकलेली चकती त्याने जागेवर जात नाही. फिजिओथेरपीत सुरुवातीला फारसा फरक जाणवत नाही आणि बरेच जण तिथेच सोडतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

कारण टिकण्याच्या बाबतीत व्यायामच पुढे. पोट, पाठ आणि नितंबांचे स्नायू बळकट झाले की दुखणं उलटण्याची शक्यता कमी होते. चकतीमुळे झालेली बहुतेक सायटिका 6 ते 12 आठवड्यांत शस्त्रक्रियेविना ओसरते. तोवर झेपेल तेवढं चालतं-फिरतं राहायचं, अंथरूण धरायचं नाही.

खर्च? पुण्यात ससून या सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपी आणि रास्ता पेठेतल्या ताराचंद आयुर्वेदिक रुग्णालयात कटिबस्तीसारखे पंचकर्म उपचार, दोन्ही खासगीपेक्षा स्वस्त. व्यायाम मात्र एकदा शिकला की घरी फुकट.

नुसती आखडलेली कंबर असेल तर कटिबस्ती जरूर घ्या. कळ पायात उतरत असेल, वारंवार येत असेल, तर फिजिओथेरपीच. पाऊल उचलेनासं झालं, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर दोन्ही सोडून त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.