गिअरबॉक्सला वेगळं, हौसिंगला वेगळं: आठ महिन्यांनंतर

दिवाळी आटोपली आणि दुसऱ्याच आठवड्यात पिकअपच्या गिअरबॉक्सचं आणि मागच्या हौसिंगचं, म्हणजे मागच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या डिफरन्शियलच्या डब्याचं, तेल बदललं. त्याला आता आठ महिने झाले. मधल्या काळात गाडी १६,००० किलोमीटरच्या वर फिरली. केळीचा माल घेऊन चोपडा-यावल-फैजपूर-सावदा, कापसाच्या दिवसांत धरणगावला जिनिंगवर, तीन-चार वेळा लळिंगच्या घाटाने मालेगाव आणि एकदा चाळीसगावहून कन्नडचा घाट. गाडी जुनी, माझ्याकडे तिसऱ्या हाताने आलेली.

आधी दुखणं काय होतं ते सांगतो. सकाळी गाडी काढली की दुसरा गिअर पडायचाच नाही. दांडा ढकलावा तर जणू काकवीत हात घातलाय. पाच-सहा किलोमीटरनंतर तो सुटायचा, पण मग दुसरीच तऱ्हा. गाडी तापल्यावर जरा घाईत गिअर टाकला की खर्रर्र. थंडीत जड आणि गरमीत खरखर, म्हणून मी धरून चाललो होतो की क्लच गेला. मागून ५०-६० च्या वेगाला 'हूंऽऽ' असा आवाज यायचा. ॲक्सिलरेटर सोडला की तो बंद, पुन्हा दाबला की सुरू. त्यात डाव्या मागच्या चाकाचा ब्रेक कमी लागायचा. तीन दुखणी, आणि त्यातल्या दोघांचं मूळ एकाच सर्व्हिसिंगमध्ये निघेल असं मला वाटलं नव्हतं.

अमळनेरकडच्या एका जुन्या मेस्त्रींकडे गाडी नेली. सगळे त्यांना नाना म्हणतात. नानांनी क्लचला हातसुद्धा लावला नाही. गिअरबॉक्सचा भरायचा नट उघडला, बोट घातलं, चोळलं, वास घेतला आणि विचारलं, "दोन्हीसमा एकच तेल कोनी टाकं रे भाऊ?"

टाकलं होतं एका गॅरेजने, वर्षभरापूर्वी. नाव लिहीत नाही, कारण ही चूक त्या एकाचीच नाही. आपल्याकडे मोठा ड्रम असतो, त्यात जाड ८५डब्ल्यू-१४० तेल असतं, आणि ट्रॅक्टर असो, ट्रक असो की पिकअप, पुढच्या-मागच्या दोन्ही भोकांत तेच जातं. गिऱ्हाईकही खूश, कारण "जाड तेल म्हणजे चांगलं तेल" हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. माझ्याही बसलं होतं.

गाडीच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं निघालं. पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात होतं, प्लास्टिकसकट. गिअरबॉक्सला एपीआय जीएल-४, ८०डब्ल्यू-९०. डिफरन्शियलला जीएल-५, ८५डब्ल्यू-१४०. म्हणजे गॅरेजने मागे बरोबर टाकलं होतं आणि पुढे तेच ओतून काम बिघडवलं होतं.

हा जीएलचा, म्हणजे गिअर ल्युब्रिकंटचा, आकडा म्हणजे दर्जा, ५ हा ४ पेक्षा भारी, असं मला वाटायचं. तसं नाही. दाब प्रचंड असेल तिथे तेलाचा थर तुटतो आणि लोखंडाला लोखंड घासतं. ते होऊ नये म्हणून गिअर ऑईलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची रसायनं घालतात. दातावर ती एक बारीक थर धरतात. गिअर ऑईलला जो कुजकट वास येतो तो या गंधकाचाच. जीएल-५ मध्ये ही रसायनं जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. मागच्या हौसिंगला ती लागतातच. तिथलं पिनियन (लहान गिअर) क्राऊनच्या (मोठ्या गिअरच्या) बरोबर मध्यावर नसतं, थोडं खाली सरकवलेलं असतं, त्यामुळे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घसरतही जातात. घसरण, वर दीड टनाचा माल, वर घाट. साधं तेल तिथे टिकतच नाही.

गिअरबॉक्समध्ये उलटं आहे. गिअर बदलताना पितळेचा कोन, म्हणजे सिंक्रो रिंग, गिअरच्या तिरक्या भागाला घासून त्याचा वेग आपल्या वेगाशी जुळवतो. जुळला की दात बिनआवाज बसतात. म्हणजे तिथे घर्षण हवंच. नको तितकं गुळगुळीत तेल असलं की कोनाची पकड बसत नाही, तो नुसता घसरतो, आणि आपल्याला ऐकू येतं खर्रर्र. माझी गरमीतली खरखर ही. सकाळचा जडपणा होता १४० च्या जाडीचा. एकाच डब्याने दोन रोग दिले होते.

"जीएल-५ पितळ खातं" असं जे म्हणतात ते अर्धं खरं. जुन्या पद्धतीच्या रसायनातला गंधक तापल्यावर पितळ-तांब्यावर चालून जायचा. आताच्या चांगल्या तेलांत तो बराच आवरलेला असतो, त्यामुळे चुकून टाकलं तर आठ दिवसांत गिअरबॉक्सची माती होत नाही. पण पकडीचा प्रश्न राहतोच. आणि उलटी चूक त्याहून वाईट: मागे जीएल-४ टाकून माल ओढला तर क्राऊन-पिनियनचे दात सोलले जातात. तो खर्च तेलाच्या डब्यात मोजता येत नाही.

जाडीच्या आकड्याबद्दलही एक गैरसमज. इंजिन ऑईल ४० असतं आणि गिअर ऑईल ९०, म्हणून ते दुपटीने जाड, असा माझा हिशोब होता. दोन्हींची मोजपट्टीच वेगळी आहे. १०० अंशांवर ९० नंबरचं गिअर ऑईल १३.५ ते १८.५ सेंटिस्टोकमध्ये (तेलाची जाडी मोजायचं माप) बसतं. इंजिनचं ४० साडेबारा ते १६.३ मध्ये. म्हणजे ९० नंबरचं तेल इंजिनच्या ४०-५० च्याच आसपास. १४० मात्र खरंच जाड, २४ च्या पुढे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला. ७५डब्ल्यू उणे ४० अंशांपर्यंत चालावं असं धरलेलं असतं, ८५डब्ल्यू उणे १२ पर्यंत. आपल्याकडे उणे कुठून येणार, पण जानेवारीत धुळ्या-जळगावकडे पारा दहाच्या खाली उतरतो आणि पहाटे साडेचारला केळी भरायला निघालेल्या माणसाला हा आकडा हातात जाणवतो.

आता बदलण्याबद्दल. दोन गोष्टी नानांकडून शिकलो.

पहिली: आधी भरायचा नट उघडा, मग सोडायचा. मला हे हसण्यासारखं वाटलं. मग नानांनी सांगितलं की एकाने तेल सोडलं आणि नंतर वरचा नट फिरेचना. गंजलेला, कडा गोल झालेल्या. आत थेंब नाही, गाडी जागची हलवता येत नाही, रात्र गॅरेजमध्ये. खालचं सोडण्याआधी वरचं भरता येतं की नाही ते बघून घ्यायचं, एवढंच.

दुसरी: गाडी सपाट उभी पाहिजे. गॅरेजमध्ये एका बाजूला जॅक लावून तेल भरतात आणि भोकातून सांडेपर्यंत पंप मारतात. तिरक्या गाडीत पातळी चुकते, जास्त झालेलं तेल ॲक्सलमधून सील ओलांडून चाकाकडे जातं. माझ्या डाव्या ब्रेकचं कोडं तिथेच सुटलं. ड्रम उघडला तर लायनर तेलाने माखलेले. सील आणि लायनर नवीन टाकावे लागले. हा सगळा खर्च त्या जुन्या सर्व्हिसिंगच्या नावावर मी मनात मांडून ठेवलाय.

तेल गरम असताना सोडायचं म्हणून आम्ही दहा-बारा किलोमीटर फिरून आलो. अर्धा तास निथळू दिलं. गिअरबॉक्सच्या ड्रेन नटवर लोहचुंबक असतं. त्यावर राखाडी लोण्यासारखा लगदा होता, तो चालतो, ती नेहमीची झीज. तुकडा किंवा कपची सापडली तर खोलावं लागतं. मात्र तेलात पिवळी चमक दिसली, टिकल्यांच्या भुकटीसारखी. ते पितळ. म्हणजे कोन थोडे खाल्ले गेले होते. चुंबक पितळ धरत नाही, त्यामुळे नुसता नट बघून समाधान मानू नका, तेल पांढऱ्या ताटलीत घेऊन उन्हात बघा. तांब्याचे वायसर नवे टाकले. भरताना भोकाच्या खालच्या कडेपर्यंत, बोट आडवं घातलं की टोकाला लागलं पाहिजे. माझ्या गाडीला पुढे दोन लिटरला थोडं कमी आणि मागे दीड लिटर लागलं. तुमचा आकडा तुमच्या पुस्तकातून घ्या.

आणि ब्रीदर! मागच्या हौसिंगवर एक छोटी टोपी असते. आत तेल तापलं की हवा फुगते, ती तिथून बाहेर पडते. माझी टोपी काळ्या मातीने गच्च बुजलेली. हवा जायला जागा नाही, मग ती सीलमधून वाट काढणार. पिनियनचं सील पाझरत होतं ते त्यामुळे. तारेने टोपी मोकळी केली, सील तेव्हा बदललं नाही, आणि तरी पाझर जवळजवळ थांबला.

पावसाळ्यात शेतरस्त्याने जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. तापलेलं हौसिंग नाल्याच्या पाण्यात उतरलं की एकदम थंड होतं, आतली हवा आकसते आणि मिळेल तिथून आत ओढते. ब्रीदरपर्यंत पाणी असेल तर पाणीच ओढते. मग तेल दुधाळ होतं. चहासारखं दिसलं की किलोमीटर मोजत बसू नका, बदला.

आठ महिन्यांत फरक काय पडला? सकाळचा जडपणा पहिल्याच दिवशी गेला. तिसऱ्या दिवशी धाकट्या भावाने गाडी काढली आणि "क्लचप्लेट टाकली का?" असं विचारलं. गरमीतली खरखर बरीच कमी झाली, गेली नाही. मे महिन्यात भुसावळकडे पारा ४५ च्या घरात, पाठीवर माल, वारंवार गिअर, तेव्हा तिसऱ्यातून दुसरा घाईने ओढला तर अजून एखादी खर्र ऐकू येते. झिजलेला कोन तेलाने भरून येत नाही. नाना सांगतात, हळू टाका, एक वर्ष सहज जाईल.

मागचा आवाज तसाच. मागे तर तेल बरोबरच होतं, फक्त जुनं झालेलं. नवीन टाकल्यावर आठ दिवस मला आवाज कमी वाटला, पण ते मनाचं समाधान होतं. मोबाईलवर रेकॉर्ड करून नानांना ऐकवलं. "आते हाऊ आवाज जावाना नही," एवढंच बोलले. क्राऊन-पिनियन घासलेलं आहे. कुणी आवाज घालवणारी बाटली तेलात टाकायला सांगितली तर मी घेणार नाही.

मायलेजचं विचाराल तर मला काही दिसलं नाही. कधी १२ क्विंटल, कधी १७, कधी रिकामी, रस्ता बऱ्हाणपूर-अंकलेश्वरचा. यातून तेलाचा फरक कसा काढणार?

महाग सिंथेटिक ७५डब्ल्यू-९० घ्यायचा मोह झाला होता, दुप्पट-अडीचपट किंमत. जुन्या, सील पाझरणाऱ्या गाडीला नको वाटलं. त्यापेक्षा साधंच पण सीलबंद डब्यातलं घ्या. ड्रममधलं सुटं तेल स्वस्त असतं, पण त्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. डब्यावर जीएलचा आकडा बारीक अक्षरात मागच्या बाजूला असतो. "जीएल-४/जीएल-५" असं दोन्ही लिहिलेलं तेलही मिळतं. मी गिअरबॉक्सला ते घेतलं नाही.

छोट्या कारवाल्यांनी हे माझं जसंच्या तसं लावू नये. मेव्हण्याची कार पुढच्या चाकांवर चालते, तिच्यात गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच खोक्यात, एकाच तेलात. तिथे पिनियन खाली सरकवलेलं नसतं, म्हणून जीएल-५ ची गरज नसते. काही नव्या गाड्यांना तर जीएलवालं तेलच नको, कंपनीचं वेगळं पातळ तेल लागतं.

काढलेलं जुनं तेल शेजारच्या आबांनी मागून नेलं, बैलगाडीच्या आसाला. उरलेलं गोठ्याच्या दाराला वाळवीसाठी. बांधावर ओतू दिलं नाही, विहीर वीस पावलांवर आहे.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास दोन्हीकडची पातळी बघितली होती, पुढे जशीच्या तशी, मागे बोटाच्या पेराएवढी कमी. पिनियनजवळ पुन्हा ओल दिसतेय, तेव्हा पोळ्याच्या आधी ते सील बदलून घेणार. उरलेले दोन्ही डबे एकसारखे दिसतात, म्हणून ऑईलपेंटने एकावर 'पुढे' आणि एकावर 'मागे' लिहून ठेवलंय. परवा भावाने त्यावरून विचारलं, गाडी रिव्हर्समध्ये असली तर कुठलं टाकायचं?