ट्रॉम्बोनचे म्यूट: सात वापरले, पाच ठेवले

म्यूट म्हणजे ट्रॉम्बोन या पितळी वाद्याच्या पुढच्या पसरट तोंडात बसवून आवाज बदलायची वस्तू. असे सात वेगवेगळे म्यूट वापरून, त्यातले दोन देऊन टाकून मग हे लिहितेय, त्यामुळे जरा लांबणार आहे. मी टेनर ट्रॉम्बोन वाजवते, बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास .५४७ इंच, बेल म्हणजे ते पसरट तोंड साडेआठ इंची, आणि ऑर्केस्ट्रा आणि बिग बँड (जॅझचा मोठा बँड) दोन्हीकडे बसते. हे सगळ्यात आधी सांगायचं कारण म्हणजे म्यूटचा रिव्ह्यू वाचताना लिहिणाऱ्याचा ट्रॉम्बोन कोणता हे कोणी बघतच नाही आणि मग म्यूट घरी आला की बेलमध्ये नीट बसत नाही.

माझ्या पहिल्या म्यूटचं हेच झालं. फायबरचा स्ट्रेट म्यूट होता, खोक्यावर नुसतं ‘ट्रॉम्बोन’ लिहिलेलं, मी घेतला, आणि तो निघाला बारीक बोअरच्या म्हणजे .५०० वाल्या ट्रॉम्बोनसाठी. माझ्या बेलमध्ये तो भलताच खोल जायचा, खालचे सूर थरथरायचे, पिच (सुराची उंची) चढायची, आणि मी चार महिने समजत होते की माझंच ओठांचं काहीतरी चुकतंय. म्यूट बसतो कुठे? बेलच्या कडेशी नाही, आत, जिथे बेल अरुंद होत जाते त्या गळ्यात. त्यामुळे एक साडेआठ इंची बेल दुसऱ्या साडेआठ इंची बेलसारखीच असेल असं काही नाही, दोघींचा गळा वेगळा असू शकतो, म्हणून शक्य असेल तर स्वतःचा ट्रॉम्बोन घेऊन जाऊनच म्यूट ट्राय करा. बेस ट्रॉम्बोनची बेल साडेनऊ-दहा इंची असते, त्याला टेनरचा म्यूट लावून काम भागेल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

आता अजून एक गैरसमज, म्यूट म्हणजे आवाज कमी करायची वस्तू. प्रॅक्टिस म्यूट (घरी हळू आवाजात सराव करायचा) सोडला तर हे खरं नाही, म्यूट घ्यायचा तो रंग बदलायला. स्ट्रेट म्यूट म्हणजे एक पोकळ शंकू, रुंद तोंड बंद, निमुळतं तोंड उघडं, आणि अंगावर कॉर्कच्या तीन पट्ट्या. या पट्ट्यांमुळे म्यूट आणि बेलच्या मध्ये जी फट राहते तिथून आवाज बाहेर येतो, त्यात खालचा भरदारपणा गळून जातो आणि वरची धार शिल्लक राहते. म्हणून जोरात वाजवलं तर म्यूट लावलेला ट्रॉम्बोन सगळ्या ऑर्केस्ट्राला चिरून पुढे जातो, तिथे हळू आवाज कोणाला नकोच असतो. नोटेशनमध्ये नुसतं कॉन सॉर्दिनो (म्यूट लावून) लिहिलंय, प्रकार सांगितलेला नाही, तर स्ट्रेटच लावायचा, आणि सेंझा सॉर्दिनो (म्यूटशिवाय) आलं की काढायचा. त्यामुळे एकच म्यूट घेणार असाल तर तो स्ट्रेट, यात विचार करण्यासारखं काही नाही.

विचार करायचा तो धातूचा की फायबरचा याचा. मी दोन्ही बरीच वर्षं वापरलेत. ह्यूम्स अँड बर्गचे ते लाल-पांढरे ‘स्टोनलाइन्ड’ नावाचे फायबरचे म्यूट तुम्ही कुठल्या ना कुठल्या बँडमध्ये बघितलेच असतील, हलके असतात, आवाज थोडा कोरडा आणि मवाळ, आणि बिग बँडच्या चार ट्रॉम्बोनमध्ये तो छान मिसळतो. ऑर्केस्ट्रात मात्र मला अ‍ॅल्युमिनियमच हवा. माझा डेनिस विकचा आहे, आणि हे नाव नुसतं ब्रँडचं नाही बरं का, डेनिस विक १९५७ ते १९८८ लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राचे प्रिन्सिपल ट्रॉम्बोन होते, म्हणजे म्यूट लावून मागच्या रांगेत बसणं काय असतं हे पूर्ण माहीत असलेला माणूस. माझ्या ट्रॉम्बोनवर तो वरपासून खालपर्यंत एकसारखा बोलतो, हळू वाजवताना सूर लगेच सुरू होतो, अडकत नाही. पाचपैकी पाच, मला दुसरा नकोय. टॉम क्राउनचा अ‍ॅल्युमिनियमवालाही मी एका सहकाऱ्याकडून घेऊन वाजवलाय, तोही उत्तम, जास्त चमकदार वाटला. तांब्याच्या बुडाचेही मिळतात, त्यांचा आवाज जरा काळसर येतो, तो आवडणारे पण बरेच आहेत.

ट्राय करताना लोक मधले चार सूर वाजवून ‘मस्त आहे’ म्हणतात आणि घेऊन टाकतात. असं करू नका हो. मधले सूर सगळ्यावरच मस्त वाजतात. म्यूटची परीक्षा खाली होते. मधल्या बी फ्लॅटपासून अर्ध्या अर्ध्या सुराने खाली ई पर्यंत या, आधी एकदम हळू, मग जोरात, आणि खालचा एफ किंवा ई फुटत असेल, डगमगत असेल तर तो म्यूट परत ठेवा, कितीही सुंदर दिसत असला तरी. आणि कोणालातरी दहा पावलं लांब उभं करा. बेलच्या मागे बसून आपल्याला जे ऐकू येतं आणि समोरच्याला जे ऐकू येतं त्यात म्यूट लावल्यावर फार फरक पडतो, मला जो पातळ वाटला होता तोच समोरून सगळ्यात चांगला होता.

आता कॉर्क. मला सगळ्यात जास्त यावरच बोलायचंय, कारण म्यूट वाईट आहे म्हणून जेवढे जण तक्रार करतात त्यातल्या निम्म्यांचं दुखणं कॉर्कमध्ये असतं असं माझं ठाम मत झालंय. नव्या म्यूटच्या पट्ट्या मुद्दाम जाड ठेवलेल्या असतात, कारण प्रत्येकाचा गळा वेगळा, आणि जाड कॉर्क घासून कमी करता येतो, पातळ झालेला वाढवता येत नाही. जाड असेल तर म्यूट बाहेर राहतो, फट मोठी, आवाज मोकळा पण पकड कच्ची. घासत गेलात की म्यूट आत आत सरकतो, फट कमी होते, आवाज दबतो, नाकातून आल्यासारखा होतो, पिचही हलते. या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी तुमच्या ट्रॉम्बोनची जागा आहे आणि ती ट्यूनर समोर ठेवून, कान उघडे ठेवूनच सापडते. बारीक सँडपेपर घ्यायचा, तिन्ही पट्ट्यांवर सारखेच चार-पाच हात फिरवायचे, लावून वाजवायचं, परत चार-पाच हात. एकच पट्टी जास्त घासली गेली तर म्यूट तिरका बसतो. मी एका संध्याकाळी घाईत जास्त घासला आणि तो म्यूट पार दबून गेला, मग जुना कॉर्क खरवडून काढून कॉर्कशीटच्या नव्या पट्ट्या कापून काँटॅक्ट ग्लूने चिकटवल्या आणि सगळं पहिल्यापासून. अवघड नाही, पण एक दिवस जातो, आणि ग्लू पूर्ण वाळायच्या आधी बेलमध्ये घालायचा मोह आवरा.

लावताना आधी बेलमध्ये तोंडाने गरम हवा सोडा, काचेवर हा करतो तशी, मग म्यूट आत घालून थोडासा पिळून बसवा. त्या ओलसरपणामुळे कॉर्क पकडतो. एसी हॉलमध्ये कॉर्क कोरडा पडतो आणि म्यूट सुटतो. माझा एकदा सुटलाय, संथ भागात, आम्ही सगळे थांबलेले असताना, अ‍ॅल्युमिनियम लाकडी स्टेजवर पडल्यावर जो आवाज होतो तो मी विसरणार नाही. तेव्हापासून पायाशी जाड कापड अंथरते आणि स्टँडला म्यूट होल्डर लावते. ठोकून बसवायचा मात्र नाही, अडकलेला म्यूट ओढून काढताना बेललाच धक्का बसतो.

आणि हात. डाव्या हातात ट्रॉम्बोन, उजव्यात स्लाइड (सूर बदलायला आत-बाहेर सरकणारी नळी), म्यूट लावायला उजवा सोडला तर स्लाइड सुटून खाली जाणार, आणि स्लाइडला पोचा आला की म्यूटची चिंता बाजूलाच राहते. वेळ असेल तर स्लाइड लॉक करा. दोनच बार (मात्रांचे गट) असतील तर मी स्लाइड फर्स्ट पोझिशनला, म्हणजे पूर्ण आत, आणून तिची आडवी दांडी डाव्या हाताच्या बोटांनी धरते आणि उजव्याने म्यूट घालते. हे घरी बसून शंभरदा करा, गाण्यातला अवघड पॅसेज करतो तसं. नवीन मुलं हे करत नाहीत आणि मग म्यूट लागेपर्यंत पहिला सूर निघून गेलेला असतो.

पिचचं थोडक्यात. स्ट्रेट म्यूट साधारण पिच चढवतो आणि ट्रॉम्बोनला त्याचं दुःख नाही, स्लाइड जराशी बाहेर घेतली की झालं, ट्रम्पेटवाल्यांना हे एवढं सोपं नसतं. उलटं झालं तर मात्र पंचाईत. पिच उतरली आणि सूर फर्स्ट पोझिशनचा असला तर स्लाइड आणखी आत नेणार कुठे? माझ्या ट्रॉम्बोनवर कप म्यूट थोडा उतरतो, म्हणून कपचा मोठा भाग असेल तर आधीच्या विश्रांतीत मी मागची ट्यूनिंग स्लाइड (सूर जुळवायची वेगळी छोटी नळी) किंचित आत ढकलते आणि म्यूट निघाला की परत जागेवर आणते. त्यासाठी नोटेशनवर पेन्सिलने बाण काढलेत.

कप म्यूट म्हणजे स्ट्रेटच्याच टोकाला उलटी वाटी. माझा अ‍ॅडजस्टेबल आहे, वाटी पुढे-मागे सरकते, आणि घ्यायचा तर असाच घ्या. वाटी बेलजवळ आणली तर आवाज एकदम मऊ, कोणीतरी तोंड मिटून गुणगुणतंय असा, लांब नेली तर मोकळा. बॅलडमध्ये (संथ गाण्यात) चार ट्रॉम्बोन कप लावून हळू वाजवतात तेव्हा त्या आवाजाइतकं सुंदर बिग बँडमध्ये दुसरं काही नाही असं मला मनापासून वाटतं, पण त्यासाठी चौघांची वाटी सारख्याच अंतरावर पाहिजे. आम्ही सगळ्यांनी दांडीवर खूण करून ठेवलीये.

हार्मन म्यूटला मी पाचपैकी तीन देईन, तेही वस्तू वाईट म्हणून नाही. याला तीन पट्ट्या नसतात, कॉर्कचं अख्खं कडं असतं, म्हणजे फट शून्य, सगळी हवा म्यूटमधूनच जाते आणि मधल्या नळीतून बाहेर पडते. फुंकायला जड. नळी काढून टाकली की तो दूरवरून आल्यासारखा गुणगुणता आवाज येतो जो माइल्स डेव्हिसने ट्रम्पेटवर जगाला ऐकवला. ट्रॉम्बोनच्या पार्टमध्ये तो फार क्वचित येतो, माझा वर्षातून दोनदा बाहेर निघतो. आधी बाकीचे घ्या.

प्लंजर मात्र हवाच! रबराचा, काठी काढून टाकलेला, तोच, बाथरूमचा. छोटा साइज ट्रम्पेटचा, ट्रॉम्बोनला मोठा लागतो. नोटेशनमध्ये अधिकचं चिन्ह म्हणजे बंद, गोल म्हणजे उघडा. उजवा हात स्लाइडवर अडकलेला, म्हणून प्लंजर डाव्या हातात, आणि ट्रॉम्बोनचं वजन डाव्या खांद्यावर आणि थोडं उजव्या हातावर तोलायचं, पहिले काही दिवस मान दुखते. ड्यूक एलिंग्टनच्या जॅझ ऑर्केस्ट्रात १९२६ पासून १९४६ पर्यंत जो ‘ट्रिकी सॅम’ नँटन हा ट्रॉम्बोनवादक होता त्याच्या रेकॉर्डिंग ऐका. बेलमध्ये ट्रम्पेटचा छोटा स्ट्रेट म्यूट आणि त्यावर प्लंजर, आणि त्यातून तो अक्षरशः बोलायचा, रडायचा, कोणाला तरी हाक मारायचा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हा माणसाचा गळा नाही यावर माझा विश्वास बसेना. मी दोन वर्षं प्रयत्न करतेय, नुसतं उघड-बंद करून ते येत नाही, आत जीभ आणि घसाही तोच स्वर बोलत असावा लागतो. हात हलायच्या आधी तोंडात ‘या’ हा उच्चार तयार पाहिजे.

बकेट म्यूट मी देऊन टाकला. आवाज कापसातून आल्यासारखा गोड होता, पण क्लिपांनी बेलच्या कडेचं लॅकर (चकाकीचा लेप) खरवडलं आणि चालू गाण्यात लावणं-काढणं माझ्याच्याने झालं नाही. माझा जुन्या पद्धतीचा होता, लागणार असेल तर क्लिप नसलेला, बेलच्या आत बसणारा शोधा.

राहिला प्रॅक्टिस म्यूट. पहिला घेतलेला (ब्रँड सांगत नाही) फोमच्या कड्याचा होता, वर्षभरात फोमचे कण बेलमध्ये पडायला लागले, तोही गेला. आता यामाहाचा सायलेंट ब्रास आहे, १९९५ पासून ही सिस्टिम बाजारात आहे, म्यूटच्या आतच माइक, तो छोट्या खोक्याला जोडायचा आणि हेडफोनमध्ये स्वतःला ऐकायचं. रात्री अकराला स्केल वाजवता येतात, यातच सगळं आलं. पण कोणताही प्रॅक्टिस म्यूट घ्या, हवा अडते, आणि अडलेली हवा ढकलायची सवय लागते. एकदा आठवडाभर फक्त त्यावरच वाजवलं आणि रिहर्सलला उघडा ट्रॉम्बोन घेतला तर प्रत्येक सूर धक्का मारल्यासारखा निघत होता, पुढची माणसं मान वळवून बघायला लागली. तेव्हापासून रात्री वीसच मिनिटं, त्यातही लाँग टोन (लांब धरून ठेवलेले सूर) कमी आणि स्लाइडच्या पोझिशन, अवघड पॅसेज जास्त, आणि दुसऱ्या दिवशी उघडं वाजवल्याशिवाय परत लावत नाही. पेडल म्हणजे अगदी खालच्या सुरांचा अभ्यास त्यावर करूच नका. कार्यक्रमाच्या आधी ग्रीनरूममध्ये दहा मिनिटं ओठ गरम करायला मात्र त्याच्यासारखं काही नाही, पलीकडे कोणी बोलत असेल तरी त्रास होत नाही. काढल्यावर लगेच केसमध्ये कोंबू नका, आत श्वासाची ओल साठलेली असते, तोंड खाली करून कापडावर ठेवा आणि माइकची वायर तेवढी आधी काढून घ्या.