कॅटलमन घ्यावी की पिंच-फ्रंट?

टेक्ससमधल्या ह्यूस्टनचा रोडिओ, म्हणजे काउबॉयांच्या कसरतींचा मेळा, सुरू होण्याआधीच्या शुक्रवारी 'गो टेक्सन डे' असतो. शाळा-ऑफिसांत लोक बूट आणि काउबॉय हॅट घालून येतात, आणि तिकडची मराठी मंडळीही हौसेने एक हॅट घेऊन टाकतात. घाईत घेतलेली हॅट पुढे कपाटावर धूळ खात पडते, कारण ती चेहऱ्याला शोभत नाही किंवा कपाळाला रुतते. म्हणून दुकानात जाण्याआधी कॅटलमन आणि पिंच-फ्रंट या हॅटच्या दोन आकारांतला फरक समजून घ्या.

कॅटलमनचा माथा उंच असतो. मधोमध पुढून मागे जाणारी लांब खोबण, दोन्ही अंगांना एकेक खळगा आणि बाजूंनी वर वळलेली कड. पिंच-फ्रंट वरून पाहिली तर थेंबासारखी दिसते. पुढचा भाग चिमटीत धरून दाबल्यासारखा निमुळता असतो.

दुकानदार यातल्या एकीला 'अस्सल' म्हणेल, तिकडे लक्ष देऊ नका. मूळ हॅटला एकही खळगा नव्हता. जॉन बी. स्टेटसन हा न्यू जर्सीतल्या टोपीवाल्याचा मुलगा. सोन्याच्या शोधात तो कोलोरॅडोपर्यंत जाऊन आला आणि 1865 मध्ये फिलाडेल्फियात त्याने 'बॉस ऑफ द प्लेन्स' बनवायला घेतली: गोल माथा, सपाट रुंद कड, ऊन-पाऊस अडवणारं फरचं फेल्ट, म्हणजे तंतू दाबून केलेलं जाड कापड. रुंद कडेची हॅट मेक्सिकन व्हाकेरो, म्हणजे तिथले गुराखी, त्याच्या कितीतरी आधीपासून घालत होते. हॅट हातात धरून, काढून-घालून माथा चेपत गेला, मग लोक मुद्दाम आपापल्या पद्धतीने चेपू लागले, आणि कारखान्यांनी पुढे तेच आकार तयार विकायला काढले. शिवाय त्या काळात सगळेच काही अशी हॅट घालत नव्हते. दरोडेखोर बुच कॅसिडी आणि त्याच्या टोळीचा फोर्ट वर्थमध्ये 1900 साली काढलेला फोटो पाहा. पाचही जण सुटाबुटात, आणि डोक्यावर बोलर, म्हणजे गोल माथ्याची, आखूड कडेची शहरी हॅट! नायकाला पांढरी आणि खलनायकाला काळी हॅट ही तर पुढे सिनेमाने लावलेली सवय. काळी आवडत असेल तर खुशाल घ्या.

आज कॅटलमन म्हटली की रँचमालक, शेरीफ, निवडणुकीचा उमेदवार डोळ्यांसमोर येतो. तिच्यात एक रुबाब आहे, आणि गोल चेहऱ्याला उंच माथ्यामुळे जरा लांबी मिळते. पिंच-फ्रंट नाजूक दिसते, अरुंद चेहऱ्यावर खुलते. पण तिचं एक दुखणं आहे. ती चिमूट हाताला इतकी सोयीची असते की हॅट काढताना बोटं आपोआप तिथेच जातात. फेल्ट तिथे झिजतं आणि गवती हॅटला नेमकी तिथेच चीर पडते. घरात लहान मुलं हॅटला हात लावणार असतील तर पिंच-फ्रंटच्या वाटेला जाऊ नका.

रोज ऑफिसला घालायची असेल तर या दोन्हींपेक्षा 'ओपन रोड' बघा: माथा कॅटलमनच्या वळणाचा, पण कड आखूड. लिंडन जॉन्सन राष्ट्राध्यक्ष असताना हीच घालायचे आणि पाहुण्यांना भेटही द्यायचे.

आकारापेक्षा माल महत्त्वाचा. साधं लोकरीचं फेल्ट भिजलं की आक्रसतं. सशाच्या किंवा बीव्हरच्या फरचं महाग पडतं, पण टिकतं. आत छापलेल्या 4एक्स, 10एक्स या आकड्यांना सगळ्या कंपन्यांचा मिळून असा एक ठरलेला अर्थ नाही; एका कंपनीच्या दोन हॅटींची तुलना करायला ते उपयोगी, बाकी नाही. उन्हाळ्यात गवती हॅट, लेबर डेनंतर (सप्टेंबरचा पहिला सोमवार) फेल्ट असा तिकडचा रिवाज. 'शांतुंग' नावाने मिळणारी गवती हॅट बहुधा कागदाच्या वळलेल्या धाग्याची असते. तिला कमी समजू नका, हलकी आणि छान असते.

पहिलीच हॅट असेल तर माझं मत सरळ आहे: गवती कॅटलमन, आणि चटक लागलीच तर पुढे 'सिल्व्हरबेली' रंगाची, म्हणजे दुधात किंचित राख मिसळल्यासारखी, फरची. मोजताना टेप कपाळावरून कानांच्या जरा वर धरा. 58 सेंटीमीटर म्हणजे सव्वासात नंबर. आतल्या पट्टीवरची बारीकशी बो मागच्या बाजूला आली पाहिजे, नाहीतर हॅट उलटी घातली आहे. चांगल्या दुकानात वाफेवर कड हवी तशी वळवून देतात, तेवढं करून घ्याच.

भारतात येताना ती बॅगेत कोंबू नका, डोक्यावर घालूनच विमानात चढा. टेबलावर ठेवताना माथा खाली, कड वर. कडेवर ठेवली तर दुकानात वाफेवर दिलेलं वळण मोडतं.